तीनच्या आतल्यांना प्लेट नाही

फ्लोरिडातल्या त्या पाळण्यांच्या पार्कच्या जेवणाचे नियम पाठ व्हायला मला दोन दिवस लागले. पैसे आधीच भरायचे, मग मनगटाला एक रबरी पट्टी मिळते. ती काउंटरवरच्या यंत्राला टेकवली की दिवसाला दोन जेवणं आणि एक खाऊ. एका खोलीत राहणाऱ्या सगळ्यांनी जेवणाची योजना घ्यायचीच, एकानं घेतली आणि दुसऱ्यानं नाही असं चालत नाही. तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना मुलांची प्लेट, दहाच्या पुढे सगळे मोठे. तीनच्या आतल्यांना प्लेटच नाही. त्यांना पट्टी नाही, त्यांचे पैसेही नाहीत, त्यांनी मोठ्यांच्या ताटातलं खायचं. आणि वय धरायचं ते हॉटेलात पाऊल ठेवता त्या दिवशीचं.

हे शेवटचं वाक्य माझ्या सुनेनं, केल्सीनं, माझ्या आधी वाचलेलं होतं. माझ्या जुळ्या नातवंडांचा तिसरा वाढदिवस चौदा ऑक्टोबरला आणि आमचं बुकिंग बारापासून. म्हणजे मुलं तिसऱ्या दिवशी तीन वर्षांची होणार, पण सतरा तारखेला निघेपर्यंत पार्कच्या लेखी दोनचीच राहणार. मला तेव्हा तिचं कौतुक वाटलं होतं. मी माझ्या मैत्रिणीला, रोझमेरीला, मुद्दाम फोन करून सांगितलं, की आमची केल्सी भलतीच तल्लख आहे.

मी डार्लीन. ओहायोमधल्या आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं कँटीनमध्ये होते, केसांना जाळी लावून आणि हातात डाव घेऊन. रोझमेरी माझ्या शेजारी उभी राहून दुधाचे डबे वाटायची. कुठलं पोर मटार रुमालात गुंडाळून फेकतं, कुठलं शुक्रवारी दोनदा रांगेत लागतं कारण शनिवार-रविवार घरी काही नसतं, हे आम्हा दोघींना मुख्याध्यापकांपेक्षा जास्त ठाऊक असायचं. निवृत्त झाले तेव्हा मला एक घड्याळ दिलं. ते बंद पडलं, पण पोरांच्या खाण्याच्या खोडी अजून आठवतात.

माझा नवरा जीन दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये गेला. आम्ही एक्केचाळीस वर्षं रोज संध्याकाळी साडेपाचला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून जेवलो. तो बटाट्याला नावं ठेवायचा आणि तिसऱ्यांदा वाढून घ्यायचा. तो गेल्यावर टेबल तेच राहिलं, पण मी सिंकपाशी उभ्यानं अर्धं सँडविच खाऊ लागले. उरलेलं अर्धं दुसऱ्या दिवशी. पंचवीस पौंड वजन उतरलं. चर्चमध्ये बायका म्हणायच्या, "डार्लीन, काय छान बारीक झालीस, काय करतेस सांग की." नवरा गमावते, असं सांगावंसं वाटायचं. पण मी म्हणायचे, "चालते जरा."

तर जुलैमध्ये ब्रेटचा फोन आला. ब्रेट माझा एकुलता एक. कोलंबसला राहतो, तीन तासांवर, पण वर्षातून दोनदा दिसतो, एकदा थँक्सगिव्हिंगला आणि एकदा ईस्टरला.

"मॉम, ऑक्टोबरमध्ये आमच्याबरोबर फ्लोरिडाला चल. पार्कला. मुलांचा वाढदिवस तिथेच करायचाय."

"मी काय करू तिथे? मला त्या पाळण्यांत बसलं की मळमळतं."

"पाळण्यात कोण बसवतंय तुला? तू जेवणाचं बघ. कुठे खायचं, कधी खायचं, मुलांना काय चालेल. तुझ्याइतकं ते कोणाला कळतं?"

फोन ठेवल्यावर मी रडले. यात लाजण्यासारखं काही नाही. एकतीस वर्षं पोरांना वाढलं, पण असं वाक्य कोणी मला म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वही आणली. जुळ्यांपैकी वायटला मटार आवडतात, पण ते दुसऱ्या कशाला शिवलेले चालत नाहीत. टेसा फक्त पांढरं खाते: भात, पाव, केळं, कुस्करलेला बटाटा, चिकनचा आतला भाग. दोघंही साडेअकराला भुकेनं वेडी होतात आणि पावणेबाराला रडून झोपतात, म्हणजे मधली पंधरा मिनिटं हीच काय ती संधी. पार्कात कुठल्या दुकानात रांग छोटी असते, कुठे भात मिळतो, कुठल्या चिकनला तिखट लावतात, हे सगळं मी फोन करकरून विचारलं. फोनवरच्या मुली मला आवाजावरून ओळखू लागल्या. "ओहायोच्या जुळ्यांची ग्रॅनी का?" म्हणायच्या.

सगळ्यात अवघड होतं रस्टीच्या घरातलं टेबल. रस्टी म्हणजे पार्कचा कोल्हा, लाल जाकिटातला. त्याच्या घरात बसून जेवायचं आणि तो शेपटी हलवत टेबलापाशी येतो. साठ दिवस आधी सकाळी सहाला बुकिंग उघडतं आणि सहा वाजून सात मिनिटांनी संपतं. चौदा तारखेसाठी मी पहाटे पाचपासून कॉफी घेऊन बसले, एक फोन माझ्या कानाला आणि दुसरा रोझमेरीच्या. रोझमेरीला आधी लागला. तिनं तो घाईघाईनं माझ्या हातात कोंबला.

"किती जण?" पलीकडच्या मुलीनं विचारलं.

"तीन मोठे. मुलं दोन, पण ती तीनच्या आतली आहेत, त्यांना प्लेट नाही."

"प्लेट नसली तरी खुर्ची लागतेच मॅडम. पाच लिहिते."

साडेअकराचं टेबल मिळालं. मी आणि रोझमेरीनं त्या सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी स्वयंपाकघरात चक्क मिठी मारली. जीन गेल्यानंतर त्या टेबलाशी पहिल्यांदा कोणी हसलं असेल.

मग माझ्या मनात शंका आली. पार्कच्या प्लेटी मोठ्या असतात म्हणतात, पण तीन प्लेटींत पाच जण, पाच दिवस? रोझमेरी म्हणाली, इंटरनेटवर पार्कला जाणाऱ्या आयांचा एक मोठा गट आहे, तिथे विचार. माझं तिथे खातं नव्हतं. जीनचं होतं, तो त्यावर मासेमारीच्या गप्पा मारायचा. फोटोत तो हातात मासा धरून उभा आहे, तोंड टोपीत झाकलेलं. मी ते कधी बंद केलं नाही. त्याच नावानं गटात शिरले आणि सगळं सविस्तर लिहून विचारलं.

दहा मिनिटांत टेनेसीच्या एका बाईचं उत्तर आलं. "अजिबात काळजी करू नका. ग्रॅनी प्लेट करा, आम्हीही केली, झकास चालते. हे वाचा." खाली एक जुना मजकूर जोडलेला होता, एप्रिलमधला. वर केल्सीचा फोटो होता. माझी केल्सी, मांडीवर दोन्ही मुलं घेतलेली.

मी ते इतक्यांदा वाचलंय की आता पाठ आहे.

"जुळ्यांच्या आयांनो, एक युक्ती घ्या. पोरं तीनच्या आतली असली की आपल्याच ताटातलं भरवायचं आणि आपण उपाशी. उपाय सोपा आहे. एक ग्रॅनी बरोबर घ्या. ग्रॅनी म्हणजे एक पूर्ण मोठी प्लेट. ती चार घास खाणार, बाकीचं पोरांचं. शिवाय भरवणार तीच, आपण गरमगरम जेवायचं. आता कुठली ग्रॅनी, हा प्रश्न. माझी आई बाद, ती ताट पुसून खाते. सासू उत्तम. सासरे गेल्यापासून ती चिमणीएवढं खाते, आणि स्वतःच्या प्लेटचे पैसेही स्वतःच भरेल."

खाली चारशेच्या वर बायकांनी हृदयं चिकटवली होती. एकीनं विचारलं होतं, "पण सासू पाच दिवस डोकं खाणार त्याचं काय?" केल्सीचं उत्तर होतं, "तेही थोडंच खाते." त्यावर हसण्याची रांग लागली होती.

पैशांचं मला काही वाटलं नाही. ब्रेटनं विचारलं तेव्हा मीच म्हटलं होतं, माझं मी भरते. मला एकच ओळ खुपली. सासरे गेल्यापासून. म्हणजे तिनं पाहिलं होतं. चर्चच्या बायकांना दिसलं नाही, डॉक्टरला दिसलं नाही, माझ्या पोटच्या पोराला दिसलं नाही. दोन वर्षांत माझ्या ताटाकडे एकाच माणसानं नीट पाहिलं, आणि तिनं त्यात उरतं किती ते पाहिलं.

रोझमेरी माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिचा चेहरा लालबुंद झाला. कँटीनमध्ये कोणी पोराच्या डब्यातलं काही चोरलं की व्हायचा तसा.

"रद्द कर," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता फोन लाव आणि प्लेट रद्द कर. बसू दे तिला हवा खात."

"प्लेट रद्द केली तर मीच रद्द. खोलीतल्या सगळ्यांना घ्यावीच लागते."

"मग तूच रद्द हो. स्वतःची काही किंमत ठेव डार्लीन. तुला काय ताटली समजते काय ती बया?"

"मुलं आहेत, रोझी."

"मुलं ईस्टरला भेटतील."

"ईस्टरला भेटतात तेव्हा मला ओळखायला त्यांना दोन तास लागतात. मग निघायची वेळ होते."

रोझमेरीनं माझा कप उचलून धुवायला घेतला. तिची नातवंडं गल्लीच्या कोपऱ्यावर राहतात.

संध्याकाळी मी ब्रेटला फोन केला. आधी टेबलाची बातमी दिली, मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "मला न्यायची कल्पना कोणाची रे?"

"केल्सीची," तो म्हणाला, आणि आवाजात इतका अभिमान, की मला त्याची दया आली. "खरं सांगू मॉम, मी म्हणत होतो तू दमशील. पण ती अडूनच बसली. म्हणाली, माझी आई नको, डार्लीनच हवी. तुला वाटतं ना तिला तू आवडत नाहीस? बघ आता."

"छान," मी म्हटलं.

आणि मी गेले. रोझमेरी मला त्याबद्दल अजून बोलते. पण माणूस स्वतःची समजूत कशी काढतो ते बघण्यासारखं असतं. मी म्हटलं, एप्रिलमधलं लिखाण ते. टाळ्या मिळवायला लोक काहीबाही लिहितात. पाच दिवस आपण सकाळपासून झोपेपर्यंत मुलांबरोबर असू, त्यांना आपली सवय होईल, केल्सीलाही दिसेल. प्लेट बाजूला ठेवली तर आपण उरतो की नाही, एवढंच मला पाहायचं होतं.

ऑक्टोबरातही फ्लोरिडात अंगाची लाही होत होती. पहिल्याच दुपारी चिकन आणि भात घेतला, मी वहीत लिहिलेल्या दुकानातून. मी माझी पट्टी टेकवली, माझं ताट आलं, आणि मी बसायच्या आत केल्सीनं ते उचलून मुलांच्या दोन खुर्च्यांच्या मधोमध ठेवलं. मला एक काटा दिला.

"तू तसंही फार खात नाहीस ना डार्लीन," ती म्हणाली. वाईट आवाजात नाही. मीठ पुढे सरकवावं इतक्या सहज.

मी चिकनचे दाण्याएवढे तुकडे केले. भात एका बाजूला, मटार दुसऱ्या बाजूला, मध्ये बोटभर जागा. वायटनं एकही मटार टाकला नाही. टेसानं भाताचे अकरा चमचे खाल्ले आणि प्रत्येक चमच्याला माझ्या मनगटावर हात ठेवला, जणू चमचा तीच चालवत होती. समोर केल्सी गरमगरम जेवत होती, लिहिल्याप्रमाणे. आणि तरी मी सुखात होते. हे कबूल केलंच पाहिजे. त्या ताटाशी मी सुखात होते. मुलांची तोंडं पुसून मी कडेचे चार घास खाल्ले.

दुसऱ्या दिवशी मुलांनी मला पट्टी टेकवताना पाहिलं की तोंडं उघडायला सुरुवात केली. यंत्र 'टिंग' वाजायचं आणि बाबागाडीत दोन आ. आजूबाजूचे लोक हसायचे. ब्रेटनं त्याचा व्हिडिओ काढला. "मॉम, ही तर जादू आहे," म्हणाला. माझा लेक भला आहे, पण त्याला समोरची गोष्ट दिसायला तिच्यावर पाटी लावावी लागते.

चौदा तारखेला साडेअकराला आम्ही रस्टीच्या घरात बसलो. दारातच एका मुलानं जुळ्यांच्या छातीवर बिल्ले लावले, त्यावर मोठ्ठा तीनचा आकडा. वाढायला आयरिस नावाची बाई होती, माझ्याच वयाची, गुडघे माझ्यासारखेच कुरकुरणारे. तिनं बिल्ले पाहिले.

"अगं बाई, तीन पूर्ण? मग आज तुम्हाला मुलांची प्लेट, कोल्ह्याच्या तोंडाची."

"नाही नाही," केल्सी म्हणाली. "आम्ही बाराला आलो. शुक्रवारपर्यंत ती दोनचीच आहेत."

आयरिसनं बिल्ल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरोबर आहे, नियम तसाच आहे," ती म्हणाली. "ग्रॅनी, तुमच्यासाठी काय आणू?"

केल्सीनं यादी उघडलीच होती. "तिच्यासाठी चिकन आणि कुस्करलेला बटाटा. तिखट नको, टेसाला चालत नाही."

"पॉट रोस्ट," मी म्हटलं.

पॉट रोस्ट म्हणजे गाजर-बटाटे घालून बीफ चार तास मंद आचेवर ठेवायचं. जीनसाठी मी दर रविवारी करायचे. तो गेल्यापासून भांडं कपाटातून काढलेलं नव्हतं. मी ते का मागितलं, मला माहीत नाही. आत शिरताना वास आला होता एवढंच.

ताट आलं. केल्सीनं हात पुढे केला, पण मी ताटाची कड धरून ठेवली. पहिला घास घेतला. मांस काट्यानंच सुटत होतं. मिरी थोडी कमी होती, नाहीतर तसंच. आणि मला भूक लागली. अडीच वर्षांनंतर, पोटात कळ येईल अशी भूक. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. कोणी माझ्याकडे बघतंय याचं भान राहिलं नाही.

"डार्लीन," केल्सी म्हणाली. तिनं मुलांच्या दोन वाट्या माझ्यासमोर ठेवल्या. "मुलांचं बघ ना."

"आज मला भूक आहे."

"हो, पण मुलांना काय देऊ?"

"तुझ्या ताटातलं दे."

ती हसली, थट्टा असेल म्हणून. मग हसू ओसरलं. ब्रेटनं काटा खाली ठेवला. आणि वायटनं माझ्याकडे वळून तोंड उघडलं.

"ग्रॅनी. आ."

कँटीनमध्ये एकतीस वर्षांत मी एका पोराला रिकामं पाठवलं नव्हतं. ज्यांच्या कार्डात पैसे नसायचे त्यांना तर एक डाव जास्तच. आणि माझ्याच नातवाचं तोंड माझ्यापासून हातभर अंतरावर उघडं होतं, आत सगळे दुधाचे दात. मी त्याच्याकडे पाहिलं आणि काटा माझ्या तोंडात घातला. सगळं ताट संपवलं. शेवटी पावाच्या तुकड्यानं रस्सा पुसून घेतला, केल्सीची आई पुसते तसा.

वायट रडला नाही. तो थोडा वेळ तसाच आ करून बसला, आणि मग त्यानं तोंड मिटलं. ते मिटलेलं तोंड मला आजही दिसतं.

केल्सीनं आपल्या ताटातलं अर्धं मुलांना भरवलं, ब्रेटनंही आपलं दिलं. टेसाला ब्रेटच्या ताटातलं बीफ तपकिरी म्हणून चाललं नाही, तिनं ते थुंकून टाकलं. तेवढ्यात रस्टी कोल्हा शेपटी हलवत आला आणि सगळ्यांनी फोटोसाठी दात दाखवले. त्या फोटोत माझ्यासमोरचं ताट इतकं लख्ख आहे की त्यात दिवा दिसतो.

बाहेर आल्यावर ब्रेटनं माझ्या खांद्यावर हात टाकला. "डॅड गेल्यानंतर तुला पहिल्यांदा पोटभर जेवताना पाहिलं," तो हळूच म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. म्हणजे त्यालाही दिसलं होतं तर. दोन वर्षं दिसत होतं, आणि बोलायला त्याला पॉट रोस्ट लागला. मला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि एक ठेवूनही द्यावीशी वाटली. दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

उरलेले दोन दिवस मी पुन्हा आपले तुकडे करत राहिले. केल्सी माझ्याशी आधीपेक्षा जास्त गोड वागत होती, "डार्लीन, हे घे, डार्लीन, सावलीत बस." त्या गोडव्यानंच मी पुन्हा आशेला लागले. वाटलं, कळलं असेल तिला. वायटही दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा तोंड उघडू लागला. मुलं लवकर विसरतात. त्याबद्दल त्यांचे उपकार मानावेत की कसं, ते मला कळत नाही.

सतरा तारखेला सकाळी हॉटेलच्या काउंटरवर आम्ही सामान घेऊन उभे होतो. निघण्याआधी पुढच्या वर्षीचं बुकिंग केलं तर खोली बरीच स्वस्त पडते, त्यामुळे सगळेच तिथल्या तिथे करतात. काउंटरवरची मुलगी तरुण होती, नखं निळी रंगवलेली.

"तेच सगळे पाच जण ना?" तिनं पडद्याकडे बघत विचारलं.

"चार," केल्सी म्हणाली.

मुलीनं मान वर केली. मी तिच्यासमोरच होते, एका हाताशी टेसा, काखेत वायटचा कापडी कोल्हा. "आणि ग्रॅनी?" ती म्हणाली. बिचारीनं चांगुलपणानं विचारलं.

केल्सीला प्रश्नच कळला नाही. मी तिचा चेहरा नीट पाहत होते. तिथे राग नव्हता, पॉट रोस्टचा सूडही नव्हता. खरं तर तो असता तर मला बरं वाटलं असतं.

"पुढच्या वर्षी मुलांना स्वतःची प्लेट असेल ना," ती म्हणाली.

मुलीनं चार लिहिलं. ब्रेट खाली वाकून बाबागाडीचं चाक तपासू लागला, ज्याला काहीही झालेलं नव्हतं. तिथूनच म्हणाला, "तू फार दमलीस ना यंदा, मॉम?"

"हो," मी म्हटलं. "दमले."

विमानतळाच्या बसला दीड तास होता. ती चौघं एकदा शेवटचं घोड्यांच्या चक्रात बसायला गेली, मी सामानापाशी थांबले. टेसानं जाताना माझं बोट सोडायला वेळ लावला, मग घोडे दिसल्यावर सोडलं. माझ्या पट्टीवर एक जेवण शिल्लक होतं. त्या दिवशी नाही घेतलं तर बुडणार. शेजारीच खिडकी होती, तिथून सामान दिसत होतं. मी उठले आणि पट्टी टेकवली. यंत्र टिंग वाजलं. मी वळून पाहिलं, सवयीनं.

"किती जणांसाठी काटे देऊ?" खिडकीतल्या मुलानं विचारलं.

"एक."

चिकन आणि भात होता. मी सामानापाशी बाकावर बसले, ताट मांडीवर घेतलं, आणि पुढच्या वर्षी सकाळी सहाला टेबलासाठी फोन कोण करणार, याचा विचार करत राहिले. केल्सीला ते जमणार नाही, तिला सातच्या आत जाग येत नाही. बऱ्याच वेळानं खाली बघितलं. सगळ्या चिकनचे दाण्याएवढे तुकडे झाले होते. भात एका बाजूला होता, मटार दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये बोटभर जागा सोडलेली.

मी एकेक तुकडा उचलून खाल्ला. पैसे आधीच भरलेले होते.